दोन तोडीस तोड पॉवर अ‍ॅम्पमधून एक कसा निवडायचा

भाऊजींचा फोन रात्री साडेदहाला आला. "दोनच उरलेत. आता तू सांग."

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. राहणार मुलुंड पूर्व, सातवा मजला, दोन बेडरूमचं घर. निवृत्तीनंतर एकदाच घ्यायचा आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, अशा बोलीवर पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवायला ताकद पुरवणारा डबा) घ्यायला ताईनं परवानगी दिली होती. चार महिने वाचून, ऐकून, लोकांना छळून त्यांची यादी दोनवर आली. दोन्ही क्लास एबी (अ‍ॅम्पच्या सर्किटची सर्रास आढळणारी जात), दोन्ही स्टीरिओ, किमतीत जेमतेम पाच टक्क्यांचा फरक. कंपन्यांची नावं इथे नकोत. एकाला थोरला म्हणू, वजन ४२ किलो. दुसरा धाकटा, २६ किलो. या दोघांमधून एक निवडताना आम्ही जे जे केलं, त्याच क्रमानं खाली लिहितो. तुमच्या यादीत अ‍ॅक्युफेज आणि लक्समन असोत, मॅकिंटॉश आणि पास लॅब्ज असोत किंवा आणखी कुणी, क्रम बदलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या पातळीवरच्या दोन नीट बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये आवाजाचा फरक हुडकायला शेवटी बसायचं. आधी स्पीकर काय मागतो आणि घर काय सोसतं ते काढायचं. दहातल्या आठ जणांची निवड तिथेच होऊन जाते.

स्पीकरचा कागद काढा

अ‍ॅम्पची माहितीपत्रकं बाजूला ठेवा आणि स्पीकरचं काढा. त्यात तीन आकडे बघायचे: सेन्सिटिव्हिटी (ठरावीक व्होल्टेजला स्पीकर किती मोठा वाजतो), नाममात्र इम्पिडन्स (इम्पिडन्स म्हणजे करंटला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) आणि किमान इम्पिडन्स. भाऊजींच्या स्पीकरचे होते ८६ डेसिबल, ८ ओहम आणि किमान ३.२ ओहम.

तिसऱ्या आकड्याकडे कुणी बघत नाही, आणि खरं काम त्याचंच. 'नाममात्र' हा शब्द अगदी शब्दशः घ्या, नावापुरता. स्पीकरचा इम्पिडन्स फ्रीक्वेन्सीप्रमाणे चढत-उतरत असतो. बॉवर्स अँड विल्किन्सच्या ८०३ वर ८ ओहम लिहिलेलं असतं आणि पुढेच बारीक अक्षरात किमान ३ ओहम. म्हणजे एखाद्या पट्ट्यात तो स्पीकर ८ ओहमवाल्याच्या अडीचपट करंट ओढणार.

सेन्सिटिव्हिटीत एक मेख आहे. हा आकडा २.८३ व्होल्ट देऊन एक मीटरवर मोजतात. ८ ओहमवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, पण ४ ओहमवर ते २ वॅट होतात. तेव्हा ४ ओहमचा ८९ डेसिबलवाला स्पीकर वॅटाच्या हिशेबात ८६ चाच असतो.

वॅटचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. भाऊजींचा सोफा ९ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर पावणेनऊ डेसिबल गेले असते, पण खोलीच्या भिंती आवाज परत करतात म्हणून सहा धरू. स्पीकर दोन आहेत, त्याचे तीन मिळवू. ८६ वजा ६ अधिक ३, म्हणजे सोफ्यावर एका वॅटला साधारण ८३ डेसिबल.

आता भाऊजी ऐकतात किती? मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपनं बघितलं, सरासरी ७५ च्या आसपास. एका वॅटच्या आवाजापेक्षा ८ डेसिबल खाली, म्हणजे वॅटाचा सहावा हिस्सा! वर डग्ग्याची थाप, मृदंगाचा घाव असे क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जातात असं धरलं तर ९५ डेसिबल, त्याला लागतात १६ वॅट. गणपतीच्या दिवसांत शेजारीपाजारी उठवायचं ठरवलं, सरासरी ८२ आणि शिखरं १०२ केली, तरी ८० वॅटच्या आत भागतं.

थोरला १५० वॅटचा, धाकटा १८० चा. या दोन आकड्यांवर भाऊजींनी महिनाभर झोप घालवली होती. १५० आणि १८० मधला फरक ०.८ डेसिबल. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०, आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. दोन अ‍ॅम्पमध्ये वॅटचा फरक दुपटीपेक्षा कमी असेल तर त्या रकान्यावर सरळ काट मारा.

तुमचा हिशेब ४०० वॅटवर गेला तर मात्र थांबा. मोठी खोली आणि ८२-८३ डेसिबलचा छोटा स्पीकर अशी जोडी असेल तर मोठा अ‍ॅम्प घेण्यापेक्षा स्पीकर बदलणं स्वस्तात पडतं.

८, ४, २ ओहमची उतरंड

इथे थोडा वेळ द्या. आदर्श अ‍ॅम्प ८ ओहमला १०० वॅट देत असेल तर ४ ला २०० आणि २ ला ४०० देईल, कारण व्होल्टेज तेच राहतं आणि करंट दुप्पट होतो. थोरल्याच्या कागदावर १५०, ३०० आणि २ ओहमला ५०० होते. धाकट्याच्या कागदावर १८० आणि २७०, आणि २ ओहमचा आकडाच नाही.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे धाकटा कच्चा."

घाई नको. ४ ओहमला ३०० आणि २७० मधला फरक अर्ध्या डेसिबलहून कमी. त्यातून, कागदावर जे हुबेहूब दुप्पट दिसतं ते बहुतेक वेळा ८ ओहमचा आकडा मुद्दाम खाली लिहिल्यामुळे. खऱ्या ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज भार वाढला की थोडं बसतंच. मॅकिंटॉशचे ऑटोफॉर्मरवाले (आउटपुटला खास ट्रान्सफॉर्मर असलेले) अ‍ॅम्प ८, ४ आणि २ ओहमला तेवढेच वॅट देतात, कारण प्रत्येकासाठी वेगळे टर्मिनल असतात. म्हणून त्यांना कुणी कच्चं म्हणत नाही.

२ ओहमचा आकडा नसण्याला मात्र अर्थ आहे: कंपनी तिथली हमी घेत नाही. भाऊजींचा स्पीकर ३.२ च्या खाली जात नाही, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. तुमचा स्पीकर अडीच-तीनपर्यंत उतरत असेल तर २ ओहमचा आकडा छापणारा अ‍ॅम्पच घ्या. हा माझ्या दृष्टीनं एकमेव आकडा आहे ज्यावरून मी एखादा अ‍ॅम्प यादीतून सरळ उडवीन.

'पुढे दोन घेऊन ब्रिज करीन', म्हणजे एका अ‍ॅम्पचे दोन्ही चॅनल जोडून एकच स्पीकर चालवीन, असा विचार असेल तर हे ध्यानात ठेवा: ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला स्पीकरचा इम्पिडन्स निम्मा दिसतो. ३.२ चा १.६ होतो. वॅट भरपूर मिळतात, पण करंटची मागणी तेवढीच वाढते.

ज्या आकड्यांनी झोप घालवायची नाही

डॅम्पिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरच्या इम्पिडन्सला अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आउटपुट इम्पिडन्सनं भागून येणारा आकडा. एकाचा ३००, दुसऱ्याचा ८००, पाहिलंत? आता तुमची स्पीकरची वायर बघा. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण ०.००७ ओहम. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत, झाले ०.०७. एवढ्या वायरनंच ८ ओहमच्या स्पीकरसाठी डॅम्पिंग फॅक्टर ११५ च्या खाली आणून ठेवला. अ‍ॅम्पचा ८०० असो की ८०००, स्पीकरला त्याचा पत्ता लागत नाही. त्यापेक्षा वायर छोटी आणि जाड करा.

डिस्टॉर्शनचंही (मूळ संगीतात नसलेलं जे अ‍ॅम्प मिसळतो त्याचं) तसंच. ०.०१ टक्के म्हणजे संगीताच्या ८० डेसिबल खाली. ०.००१ म्हणजे १०० खाली. मुलुंडच्या दिवाणखान्यात रस्ता, पंखा आणि फ्रिज मिळून जी गुणगुण असते तिच्याखाली दोन्ही गाडले जातात.

या नियमाला अपवाद व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पचा. मॅकिंटॉशचा एमसी२७५ हा ७५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प १९६१ मध्ये आला आणि आजही त्याची आवृत्ती विकली जाते. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स बहुधा जास्त असतो. १ ओहम धरा. स्पीकर ३ ओहमवर असताना त्याला व्होल्टेजचा पाऊण हिस्सा मिळणार, २० ओहमवर असताना पंचाण्णव टक्के. दोन ठिकाणच्या आवाजात दोन डेसिबलचा फरक पडला. हे कानाला स्पष्ट कळतं, आणि कुणाला आवडतंही. 'व्हॉल्व्हची ऊब' म्हणतात त्यातला बराच भाग हा आहे.

अमेरिकेतले अभियंते बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूनं दाखवली. एका महागड्या अ‍ॅम्पचा आणि आपल्या अ‍ॅम्पचा आउटपुट एकमेकांतून वजा करत, आपल्या अ‍ॅम्पमध्ये फेरफार करत त्यांनी फरक जवळजवळ शून्यावर आणला. मग कसलेल्या समीक्षकांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे फरक जो असतो तो मोजता येतो.

क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगानं चालू-बंद करून चालणारे अ‍ॅम्प, त्यांच्याबद्दल थोडक्यात. हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांच्या मॉड्यूलवर बांधलेले आजचे अ‍ॅम्प वजनाला हलके, बेताचे तापणारे आणि मोजमापात कुणापुढेही उभे राहणारे आहेत. भाऊजींना मागे-पुढे हलणारे मीटर आणि जाडजूड फिन हव्या होत्या, म्हणून ते यादीत नव्हते. तुमच्या यादीत जरूर असू द्या.

गेन जुळतो का

पॉवर अ‍ॅम्पचा गेन बहुधा २६ ते २९ डेसिबल. २६ म्हणजे व्होल्टेजची २० पट वाढ. १०० वॅटच्या अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी २८.३ व्होल्ट काढावे लागतात, म्हणजे इनपुटला १.४ व्होल्ट. आजचा डीएसी (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल करणारा डबा) साध्या आरसीए जोडणीवर २ व्होल्ट देतो, एक्सएलआर जोडणीवर ४. गेन गरजेपेक्षा जास्त असला की प्री-अ‍ॅम्पचा (पॉवर अ‍ॅम्पच्या आधी बसून आवाज कमी-जास्त करणाऱ्या डब्याचा) व्हॉल्यूम आठ वाजण्याच्या जागेच्या पुढे सरकत नाही आणि स्पीकरजवळ कान नेला की सळसळ ऐकू येते. बेंचमार्क कंपनीच्या एएचबी२ अ‍ॅम्पला मागे गेन निवडायचं बटण आहे, अशी सोय असेल तर उत्तम. आणि व्हॉल्व्हचा प्री-अ‍ॅम्प वापरत असाल तर पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट हवा, नाहीतर खर्ज पातळ होतो.

थोरल्याचा गेन २६, धाकट्याचा २९. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्याच दुकानात तो आमच्यावर उलटला.

दुकानातला डेमो: मल्टिमीटर घेऊन जा

शहरातलं एक चांगलं दुकान, गार खोली, चहा आला, दिवे मंद झाले. विक्रेत्यानं थोरल्यावर पाच मिनिटं ख्याल लावला. मग वायर धाकट्याला जोडल्या, तोच ख्याल, व्हॉल्यूमची खूण तीच. पहिल्या आलापालाच भाऊजींचे डोळे चमकले. "बघ, कसा मोकळा झाला! तानपुरा बघ केवढा पसरला." विक्रेता नुसता हसला. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी पिशवीतून मल्टिमीटर काढला. लॅमिंग्टन रोडवर घेतलेला, साधा. फोनवरून २०० हर्ट्झचा सूर लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलं. थोरला १.४२ व्होल्ट, धाकटा २.०० व्होल्ट. तीन डेसिबलचा फरक, गेनमधला. जो मोठा वाजतो तो आपल्याला 'मोकळा', 'पसरलेला', 'जिवंत' वाटतो. विक्रेत्यानं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्याला बहुतेक ठाऊकच नव्हतं.

व्हॉल्यूम जुळवून पुन्हा लावलं तेव्हा भाऊजी बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, "आता दोन्ही ठीक वाटतायत."

कृती अशी. २०० हर्ट्झच्या जवळपासचा स्थिर सूर लावायचा, कारण स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर खरं बोलेलच असं नाही. मीटर एसी व्होल्टवर, सळ्या स्पीकरच्या टर्मिनलवर, एकमेकींना लागू न देता. सूर हळू लावून साधारण १ ते २ व्होल्टवर आणा. दोन्ही अ‍ॅम्पचे आकडे एका टक्क्याच्या आत जुळले पाहिजेत, म्हणजे २.०० आणि २.०२. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहूनही कमी. प्रत्येक अ‍ॅम्पसाठी प्री-अ‍ॅम्पवरचा आकडा लिहून ठेवा. ज्या दुकानात हे करू देत नाहीत तिथे चहा प्या आणि निघा.

दुकानात ऐकताना आणखी एक: तिथले स्पीकर तुमचे नाहीत आणि ती खोलीही नाही. तेव्हा दुकानातून फक्त दोन गोष्टी ठरवून यायचं. अ‍ॅम्प बिनसिग्नलचा उभा असताना गुणगुणतो का, आणि अर्ध्या तासानं त्यावर हात ठेववतो का.

कान ताळ्यावर ठेवायला माझा एक उपाय आहे. वर्षातून दोनदा माइकशिवायची मैफल ऐकायची. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर १९८० मध्ये उघडलं ते मुळात ध्वनिवर्धकाविना ऐकता यावं म्हणूनच. तिथे जाऊन आलात की खऱ्या तंबोऱ्याची जवारी किती साधी असते ते आठवतं, आणि शोरूममधल्या चकचकीत तंबोऱ्याला भुलणं कमी होतं.

घरी आणून, डोळे झाकून

लाखांची वस्तू घेताना चार दिवस घरी मागायला लाजू नका. बरेच विक्रेते अनामत ठेवून देतात. थोरला आणि धाकटा एकाच शनिवारी मुलुंडला आले.

आवाजाची आठवण काही सेकंदांचीच असते. वायर काढून, खोचून, पाच मिनिटांनी ऐकून तुलना होत नाही. म्हणून लोहार चाळीतून एक फोर पोल चेंजओव्हर स्विच आणला, १-०-२ वाला, जनरेटरसाठी वापरतात तसला. चार पोल अशासाठी की दोन्ही चॅनलच्या धन आणि ऋण अशा चारही तारा बदलायच्या असतात. काही अ‍ॅम्पची ऋण बाजू जमिनीशी जोडलेली नसते, अशा दोघांच्या ऋण तारा एकत्र बांधल्या तर धूर निघेल. स्विच मध्ये शून्यावरून जाणारा हवा, म्हणजे दोन अ‍ॅम्प क्षणभरही एकमेकांना भिडत नाहीत. प्री-अ‍ॅम्पला दोन आउटपुट होते, त्यामुळे दोन्ही अ‍ॅम्प कायम जोडलेले.

भाचीला स्विचपाशी बसवलं, पडद्याआड. तिनं नाणं उडवायचं, छापा आला तर थोरला, काटा आला तर धाकटा, व्हॉल्यूम लिहून ठेवलेल्या आकड्यावर न्यायचा आणि वहीत नोंद करायची. आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर अंदाज लिहायचा. १६ फेऱ्या. निव्वळ अंदाजानं १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून १२ ही उत्तीर्णाची रेघ ठरवली.

"मामा, तुम्ही झोपलात का?" अकराव्या फेरीला भाचीनं विचारलं. झोपलो नव्हतो, नुसता हताश झालो होतो.

निकाल: भाऊजी ९, मी ७. म्हणजे आम्ही नाणं उडवून लिहिलं असतं तरी एवढेच आले असते. हा निकाल आला की बरेच जण खट्टू होतात. खरं तर हा सगळ्यात सुखाचा निकाल. आवाजाच्या बाजूनं दोन्ही पास, आता बाकीच्या गोष्टींवर मोकळेपणानं निवडा. आणि तुम्हाला १६ पैकी १४ ओळखता आले तर आणखी छान, जो आवडला तो घ्या, मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

घर काय सोसतं

रविवारी सकाळी थोरल्यानं आपला गुण दाखवला. संगीत बंद होतं, अ‍ॅम्प चालू. आतल्या खोलीत भाचीनं हेअर ड्रायर लावला, हळू वेगावर. थोरला गुरगुरायला लागला, भुंगा डब्यात अडकावा तसा. ड्रायर बंद, भुंगा बंद. तीन वेळा करून पाहिलं.

कारण साधं आहे. हळू वेगासाठी बरेच ड्रायर डायोडनं विजेची अर्धी लाट कापतात. त्यानं घरातल्या लाइनीवर थोडा डीसी चढतो आणि मोठ्या टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका बाजूनं संपृक्त होऊन थरथरतो. आवाज स्पीकरमधून येत नाही, डब्यातूनच येतो. डीसी ब्लॉकर नावाची पेटी मध्ये लावली की बहुधा जातो, पण आणखी एक पेटी आली. धाकटा त्याच ड्रायरपुढे मख्ख बसून राहिला. म्हणून सांगतो, घरी आणल्यावर ड्रायर, मिक्सर, डिमरचा दिवा, सगळं एकदा लावून बघा. आणि रात्री अकरानंतर, रस्ता निवला की, सोफ्यावर बसून कान द्या.

वीज. मुंबईत शहराच्या भागात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. कुणाचीही असली तरी पुरवठा इतर ठिकाणांच्या मानानं स्थिर असतो. पॉवर अ‍ॅम्पला सर्वो स्टॅबिलायझर लावायची मला तरी इथे गरज दिसत नाही. त्याऐवजी वायरमनला बोलावून मीटरपासून एक स्वतंत्र लाइन ओढून घ्या, ४ स्क्वेअर एमएमची, १६ अ‍ॅम्पिअरच्या पॉइंटवर. मोठा टोरॉइड चालू करताना क्षणभर भरमसाट करंट ओढतो. बी कर्व्हचा एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) आपल्या ठरलेल्या करंटच्या तीन ते पाचपटीला पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहापटीला. अ‍ॅम्पमध्ये सॉफ्ट स्टार्ट (चालू करताना करंट आवरायची सोय) आहे का ते विचारा, नसेल तर सी कर्व्ह लावून घ्या. गिरगाव, दादरच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण अर्थिंग कुठेच गेलेलं नसतं, ते आधी तपासा. घुं आवाज येतो म्हणून अर्थची पिन कापणारा वायरमन भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. घुं बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येतो. ती उपटून बघा, गेला तर चोर सापडला.

उष्णता. थोरला नुसता उभा १८० वॅट खातो, धाकटा ६०. रोज चार तास धरले तर महिन्याला साडेएकवीस युनिट आणि सव्वासात. हा फरक कुणी सोसेल. पण शुद्ध क्लास ए चे (नुसते उभे असतानाही भरपूर वीज खाणारे) मोनोब्लॉक, म्हणजे दर चॅनलला वेगळा अ‍ॅम्प, घेत असाल, प्रत्येकी ३०० वॅट खाणारे, तर महिन्याला ७२ युनिट, आणि मे महिन्यात ती सगळी उष्णता एसीनं परत बाहेर फेकायची. दहा बाय बाराच्या खोलीत ते इस्त्री चालू ठेवून गाणं ऐकण्यासारखं आहे. अ‍ॅम्पच्या वर निदान सहा इंच मोकळे सोडा. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दहा अंश गार राहिले तर साधारण दुप्पट टिकतात. म्हणजे शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवून काच लावणं हे त्याला हळूहळू मारणंच.

दमट हवा. वर्सोवा, दादर चौपाटी, वरळी, समुद्र जवळ असेल तर आरसीएच्या पिना आणि स्पीकरच्या तारांची टोकं वर्षाला एकदा पावसाळ्यानंतर काढून पुसा. हिरवट झालेली टोकं कापून नवी सोला. शिवाय, मंद गरम आणि जाळीदार डबा म्हणजे झुरळांचं आणि पालींचं आवडतं घर. एका मित्राच्या अ‍ॅम्पच्या आउटपुट बोर्डावर वाळलेली पाल निघाली होती, सोबत दोन जळालेले ट्रान्झिस्टर.

वजन. ४२ किलो अधिक खोका, म्हणजे पन्नाशी. सोसायटीची लिफ्ट बंद असली तर सात मजले कोण चढवणार? आणि दुरुस्तीला उतरवणार कोण? हा प्रश्न ताईनं विचारला, आमच्या डोक्यातही आला नव्हता.

दुरुस्ती आणि कागदपत्रं

माझ्या मते शेवटचा निकाल इथेच लागतो. विक्रेत्याला विचारा: बिघडला तर उघडणार कोण, आणि कुठे? मुंबईतच कारखाना आहे की खोका परदेशी जाणार? आउटपुट ट्रान्झिस्टर इथे साठ्यात असतात का? उत्तर देताना तो फोन काढून कुणाला तरी विचारायला लागला तर समजून घ्या. धाकट्याची दुरुस्ती मुंबईत होत होती, मी स्वतः जाऊन त्या माणसाचं टेबल पाहून आलो. थोरला परदेशी जाणार होता.

स्वस्तात 'बाहेरून' आणलेला अ‍ॅम्प मिळत असेल तर मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठीचा १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. तो २३० व्होल्टच्या सॉकेटला लावलात तर त्याचा पहिला दिवस तोच शेवटचा, आणि वजनदार स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवलात तरी इथली वॉरंटी लागू होत नाही. बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, तो अ‍ॅम्पच्या पाठीवरच्या नंबरशी तिथेच ताडून बघा.

भाऊजींनी धाकटा घेतला. मीटर थोरल्याचेच देखणे होते, हे ते अजून बोलून दाखवतात.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी स्पीकर लावण्याआधी एक मोजणी करा. इनपुटला काही न देता अ‍ॅम्प चालू करा, दहा मिनिटं थांबा, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर बघा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त जोडा. १०० च्या वर असेल तर तसाच बंद करून विक्रेत्याला फोन लावा. धाकट्याचे निघाले ६ आणि ९.

आणि खोका टाकू नका. आतले फोमचे साचे, प्लास्टिकची पिशवी, सगळं. दुरुस्तीला किंवा विकायला हाच खोका लागतो, दुसऱ्या कशात २६ किलोचा अ‍ॅम्प नीट जात नाही. भाऊजींनी तो माळ्यावर चढवला, पितळी पातेल्यांच्या शेजारी. दिवाळीला फराळाचे डबे काढायला ताई स्टुलावर चढली आणि तिनं वरूनच विचारलं, "हे एवढं रिकामं खोकं कशाला जपून ठेवलंय?" भाऊजींनी संगीत जरा मोठं केलं.